शेगडीजवळची मुलं

“गुरुवारी त्या सहा पोरांना डोंगरावर पाठवून द्या, बाई,” मुख्याध्यापक ग्वाक सर म्हणाले. “शेगड्या पेटवायला पाइनची सुकी बोंडं संपत आलीयत. एकेक पोतं आणतील. तेवढंच शाळेचं काम होईल.”

मिन बाई टेबलासमोर उभ्याच होत्या. “गुरुवारी जिल्ह्याची परीक्षा आहे, सर.”

“म्हणूनच म्हणतोय.” सरांनी जवाच्या गरम चहाचा पेला पोटाशी धरला. त्यांना पोटाचं जुनं दुखणं होतं आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. माणूस वाईट नव्हता. “तुमच्या पाचवी ‘ब’ची सरासरी एकदा मांडून बघा. ती सहा पोरं काढली तर वर्ग तरतो. नाही काढली तर आपली शाळा तळाला जाते, आणि जिल्ह्याच्या कचेरीत बोलणी खायला मी जातो. सगळीकडे असंच चालतं हो. खालच्या गावात तर परीक्षेच्या दिवशी पाव वर्गाला ताप येतो.”

“कुठली सहा, सर?”

“आता ते मी सांगायचं?” सर ओशाळं हसले. “तुमच्या शेगडीजवळ बसतात ती.”

मिन बाई “बघते” म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मैदानावर कोळशाची धूळ बसलेली होती, आणि तिच्यात मुलांनी खडूनं नव्हे, नुसत्या टाचेनं लंगडीच्या चौकटी आखलेल्या होत्या.

गोमगोलच्या खाणवस्तीतली ही शाळा. वर्गात साठाच्या वर मुलं, एका बाकावर तिघं. खाणीत काम मिळतं म्हणून देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसं इथं आलेली, त्यामुळे मुलंही चार तऱ्हांची. कुणी मासेमारांच्या गावातून आलेला, शाळा कशाशी खातात हे ठाऊक नसलेला. कुणी आधीच्या शाळेत पहिला आलेला. कुणाची दोन वर्षं धाकट्या भावंडांना पाठीवर घेण्यात गेलेली. मिन बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पहिल्या महिन्यात त्यांनी पुस्तक जसं आहे तसं शिकवलं. महिन्याअखेरीस त्यांच्या लक्षात आलं की आपण वर्गातल्या वीसेक मुलांशी बोलतोय. उरलेल्यांतले काही आपल्या पुढे निघून गेलेत आणि काही अजून दारातच उभे आहेत.

मग त्यांनी वर्ग मोडून पुन्हा बसवला. ज्यांचं वाचन अडायचं त्यांना मधल्या शेगडीभोवती घेतलं, म्हणजे हात पुढे केला की बाई सापडाव्यात. बाकीची मधल्या रांगांत, आणि ज्यांचं चटकन व्हायचं ती खिडकीशी. धडा एकच, पण खिडकीशी त्याचं गणित व्हायचं, मध्ये चित्र आणि शेगडीजवळ गोष्ट. बोंग-गू नावाचा एक मुलगा अडखळत बोलायचा. त्याला बाईंनी धडा गाण्याच्या चालीत म्हणायला लावला, तर पठ्ठ्या एका दमात पान संपवून मोकळा! थंडी पडली तशी खिडकीवाली कुरकुरू लागली. “बाई, आम्हीपण ढ होतो ना! म्हणजे शेगडीजवळ बसता येईल.” सगळा वर्ग हसला, शेगडीजवळचेही हसले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती मोठ्यानं हसत होती, जरा जास्तच मोठ्यानं.

आता मिन बाई वोंजू शहरात, लेकीच्या शेजारच्या इमारतीत एकट्या राहतात. गुडघे बोलतात, पण आवाज अजून वर्गात पोचेल असा आहे. गोमगोलची खाण केव्हाच बंद झाली. शाळेच्या जागी आता पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात. दर शिक्षकदिनाला खिडकीशी बसणाऱ्या चांग-बॉमचा फोन येतो; तो पुलांची कामं करतो, आणि फोनवर पहिली पाच मिनिटं हवापाण्याचंच बोलतो. शेवटी एक जण दुसऱ्याला विचारतो, “माल-सुनचं काही कळलं?” दुसरा म्हणतो, “नाही.”

दो माल-सुन. ‘दो’ हे आडनाव. सात बहिणींतली शेंडेफळ नव्हे. शेंडेफळ व्हावी म्हणून नाव ‘माल-सुन’ ठेवलेलं, ‘माल’ म्हणजे शेवटची, तरी तिच्यामागे आणखी दोघी झाल्याच. चौदा वर्षांची, वर्गात सगळ्यांत उंच, मुलं तिला ताई म्हणायची. तिच्या डोळ्यांपुढे अक्षरं थांबायची नाहीत. “मुंग्यांसारखी पळतात बाई, एक धरली की दुसरी सुटते,” ती सांगायची. बाईंनी तिला कागद बाजूला ठेवायला लावला आणि बाहेरून धुतलेले कोळशाचे खडे आणून फरशीवर एकेक अक्षर मांडायला शिकवलं. खडा पळत नाही. हाताला लागतो. दिवाळं निघालं ते बाईंच्या फरशीचं, पण ऑक्टोबरपर्यंत माल-सुन रस्त्यावरच्या पाट्या बोट ठेवून वाचू लागली.

अपूर्णांक शिकवताना बाईंनी तिला विचारलं होतं, “रोज संध्याकाळी तोफू कोण आणतं गं घरी?”

“मीच की.”

“एक वडी. मग घरात त्याचे भाग कसे करतेस?”

“अर्धी बाबांना. ते खाणीतून येतात ना. उरलेल्या अर्धीत आई आणि आम्ही सगळ्या.”

“आणि तुला किती?”

“मला रस्सा.”

“अगं, मग ही काय सारखी वाटणी झाली?”

“घरात सारखी वाटणी कुठं असते, बाई?” माल-सुननं अगदी साधेपणानं विचारलं. पण अर्ध्याचं अर्धं आणि त्याचंही अर्धं, हे त्या दिवशी शेगडीजवळच्या सगळ्यांना कळलं.

शेगडीजवळचं काम वाढलं तशी बाईंनी खिडकीतली मुलं मदतीला घेतली. चांग-बॉम सगळ्यांत पुढे. त्याचं गणित बाई फळ्यावर लिहून होईपर्यंत सुटलेलं असे. मग तो उठून बोंग-गूशेजारी बसायचा, माल-सुनच्या खड्यांवर नजर ठेवायचा, पाट्या तपासायचा. बाईंना त्याचा फार अभिमान वाटे. दुसऱ्याला शिकवताना आपलंही पक्कं होतं, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

परीक्षेच्या आठवड्यातच मंगळवारी चांग-बॉमची आई शाळेत आली. खाणीच्या कचेरीतल्या कारकुनाची बायको. हातात उकडलेल्या रताळ्यांचं गाठोडं, तोंडावर राग.

“बाई, एक विचारू? माझा मुलगा शाळेत शिकायला येतो की शिकवायला?”

“तसं नाही हो. त्याचं आधीच होतं, म्हणून—”

“आधी होतं ना? मग पुढचं द्या! पगार तुम्ही घेणार आणि राबणार माझं पोर. त्या दोच्या घोडमुलीला वाचता येत नाही यात माझ्या मुलाचा काय दोष?” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “तुमचा मी मान राखते, बाई. पण तो हल्ली घरी येऊन पुस्तकच उघडत नाही. म्हणतो, मला सगळं येतं. अकरा वर्षांच्या पोराला सगळं येतं?”

रताळी टेबलावर ठेवून ती निघून गेली. मिन बाईंना आधी संतापच आला. संध्याकाळी वर्ग झाडून झाल्यावर त्यांनी चांग-बॉमला थांबवलं.

“कंटाळा येतो का रे तुला वर्गात?”

तो बुटाच्या टोकानं फरशी खरवडत राहिला. “नाही.”

“खरं सांग.”

“बोंग-गूला शिकवायला आवडतं मला. ताईला पण.” तो थांबला. “पण बाई, तुम्ही मला कधी शिकवणार?”

सगळ्या वर्गात ज्याच्याकडे आपण कधी वळलोच नाही असा एकच मुलगा होता, आणि तो हाताशी होता म्हणूनच राहून गेला होता. त्यांनी कपाटातून आपल्या अध्यापक विद्यालयातलं जुनं गणिताचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानांतलं एक उदाहरण फळ्यावर लिहिलं.

“हे मलाही तेव्हा सुटलं नव्हतं. आज दोघं बघू.”

दोघं बराच वेळ बघत राहिले. चांग-बॉमनं तीनदा पुसलं आणि तीनदा मांडलं. उदाहरण काही सुटलं नाही. पण जाताना त्याचे गाल लाल झाले होते आणि दारातून वळून तो म्हणाला, “उद्या पुन्हा बघू या, बाई. पुसू नका हं!” बाईंनी ते फळ्याच्या कोपऱ्यात तसंच राहू दिलं.

डोंगरावर कुणाला पाठवायचं नाही, हेही त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. सरांना मात्र काही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी वर्गात आल्या तर शेगडीभोवतीचे बाक रिकामे. सहाही जण नाहीत. परीक्षेला शिक्षकांची वर्गांची अदलाबदल असे. त्यांना सहावीवर जायचं होतं आणि घंटेला थोडाच वेळ होता.

“कुठं आहेत सगळी?”

शेवटी चांग-बॉम उभा राहिला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

“डोंगरावर गेलेत, बाई. ताई घेऊन गेली. मुख्याध्यापकांनी तुम्हाला काय सांगितलं ते आईनं शाळेत कुणाकडून तरी ऐकलं होतं, ती घरी बाबांना सांगत होती. मी ते ताईला... मला वाटलं तिला राग येईल. तिनं पोतं कुठं मिळेल एवढंच विचारलं.”

शाळेच्या मागचीच टेकडी, पण चढ उभा. मिन बाई पातळ बुटांनिशी निघाल्या. खाली घंटा झाली ती त्यांनी अर्ध्या वाटेवर ऐकली. वर झाडांत मुलं पांगलेली होती, आणि मजेत होती. बोंग-गू फांद्या हलवत गात होता. माल-सुन मात्र खाली मान घालून पोतं भरत होती, जणू मजुरीवर आल्यासारखी.

“माल-सुन!”

तिनं वर पाहिलं. “बाई, तुम्ही कशाला आलात? तुमचा पहारा आहे ना सहावीवर?”

“तुला कुणी सांगितलं इथं यायला?”

“कुणी नाही.” तिनं बोंडांची ओंजळ पोत्यात टाकली. “आम्ही बसलो की तुमचा नंबर खाली जाणार. मग तुम्हाला इथून काढतील. एवढं कळतं बाई आम्हाला. वाचता येत नाही म्हणून काय झालं?”

“वाचता येतं तुला.”

“सावकाश.”

“मग सावकाश वाच. मला आज घाई नाही.”

“पेपरला असते ना पण.”

थंडीत बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसत त्या म्हणाल्या, “हे बघ, माझा नंबर मी बघीन. तू तुझा पेपर बघ. वर्षभर खडे मांडून माझ्या वर्गाचा उकिरडा केलास तो काय बोंडं गोळा करायला? चला. सगळे. बोंग-गू, खाली ये त्या फांदीवरून!”

“पोतं?” माल-सुननं विचारलं.

“राहू दे ते.”

“भरलेलं पोतं कुणी टाकतं का, बाई?” म्हणून तिनं ते डोक्यावर घेतलंच. वाटेत बोंग-गूनं दुसरी बाजू धरली. मैदानात ग्वाक सर हात पाठीमागे बांधून उभे होते. सहावीवर पहाऱ्याला ते दुसऱ्या कुणाला तरी बसवून आले होते. बाई आणि त्यांच्यामागून येणारी सहा मुलं त्यांच्यासमोरून गेली. सरांनी फक्त पोतं माल-सुनच्या डोक्यावरून उतरवून घेतलं.

मुलांना अर्ध्याहून कमी वेळ मिळाला. माल-सुन ओठ हलवत, बोटानं ओळ धरून एकेक प्रश्न वाचत राहिली. घंटा झाली तेव्हा तिचं पहिलं पान तेवढं पुरं झालं होतं. पण पहिल्या पानावरचं सगळं बरोबर होतं.

निकाल डिसेंबरात लागला. पाचवी ‘ब’ जिल्ह्यात शेवटून दुसरी आली. परीक्षेचा पहारा सोडल्याबद्दल बाईंवर ठपका आला, आणि मार्चमध्ये त्यांची बदली आणखी आतल्या, डोंगरातल्या शाळेवर होणार हेही कळलं. सरांनी ते सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. “मी लिहून दिलं होतं, की बाईंना बरं वाटत नव्हतं म्हणून,” ते म्हणाले. “त्यांनी ऐकलं नाही.” बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. चांग-बॉमच्या आईनं त्यानंतर कधी तक्रार केली नाही. ती एकदा बाजारात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “जेवताना पण त्या तुमच्या उदाहरणाचं बोलत असतो हो. भात गार होतो.”

फेब्रुवारीत, चांद्रवर्षाचा सण होऊन गेल्यावर, एका संध्याकाळी माल-सुन बाईंच्या भाड्याच्या खोलीवर आली. अंगावर कुणाचा तरी मोठा कोट. बाईंनी तिला उबदार फरशीवर बसवलं, समोर भात आणि किमचीचा रस्सा ठेवला. तिनं दोन वाट्या मन लावून खाल्ल्या आणि मग म्हणाली, “बाई, उद्या मी देगूला जाते. मावशीबरोबर. कापडगिरणीत.”

“सहावी?”

“बाबांचं फुप्फुस धरलंय. ते आता खाली उतरत नाहीत.”

तोफूच्या वडीचे पैसे आता कुणी मिळवायचे, हे बाईंना कळलं होतं.

“बाई, एक शिकवाल का? शेवटचं?” तिनं कोटाच्या खिशातून चुरगळलेला कागदाचा तुकडा काढला. “चौदाचीला घेत नाहीत तिथं. मावशीची मुलगी आहे ना, हे-रान, तिच्या नावावर जाणार मी. ती अठराची आहे, तिचं लग्न ठरलंय. दारात सही करायला लावतात म्हणे. दो माल-सुन मला येतं. हे येत नाही.”

मिन बाईंनी तुकड्यावरचं ते नाव दोनदा वाचलं. मग उठल्या. चुलीजवळच्या बादलीतून मूठभर कोळशाचे खडे निवडले, धुतले, पुसले आणि तिच्यासमोर फरशीवर ओतले.

“ये. पुढे सरक.”

पहिल्या अक्षरात दोन उभ्या रेघा आणि त्यांना दोन छोट्या आडव्या काड्या. माल-सुन एक काडी विसरायची. बाई न बोलता तिचं बोट धरून त्या रिकाम्या जागेवर ठेवायच्या. मग खडे बाजूला सारले आणि पेन्सिल दिली. पान भरलं. दुसरं भरलं. बाहेर अंधार पडू लागला तसं अक्षर सुधारत गेलं. शेवटची ओळ तर इतकी सफाईदार आली की माल-सुन स्वतःच हसली.

“आणखी एक, बाई. हाक. जुन्या नावानं कुणी हाक मारली की मी लगेच वळते. मावशी म्हणते, याच्यावरूनच पोरी पकडल्या जातात.”

“बरं. वाट्या धू तू. मी हाक मारते.”

ती पाठमोरी होऊन वाट्या धुऊ लागली.

“माल-सुन!”

“हां बा—” ती वळली, जीभ दातांखाली दाबून हसली. “पुन्हा मारा.”

बाईंनी पुन्हा मारली. वर्गात हजेरी घेताना मारत तशी, रागावून मारत तशी, जेवायला बोलवावं तशी. हळूहळू तिची मान वळायची थांबली. मग खांदे दचकायचे थांबले. शेवटी हातातली वाटीही थबकेनाशी झाली.

“येतंय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता.

सकाळी बसथांब्यावर धुकं होतं. मावशी पुढे चढून जागा धरायला गेली. बाईंनी उकडलेली अंडी रुमालात बांधून आणली होती, ती दिली. माल-सुननं कमरेत पुरती वाकून नमस्कार केला, अगदी मोठ्या माणसासारखा, आणि खिडकीशी जाऊन बसली. खिडकीची काच अर्धी उघडी होती. बस हलली, खाणीच्या फाटकापाशी वळण घेण्यासाठी थोडी मंदावली, तेव्हा मिन बाईंना राहवलं नाही.

“माल-सुन!” त्यांनी हाक मारली. “माल-सुन!”

थांब्यावरची दोन-चार माणसं वळून बघू लागली. बसमधल्या एका म्हातारीनंही खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माल-सुन समोर बघत बसली होती. मांडीवरचा रुमाल तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि मोठ्या कोटाच्या कॉलरमधून दिसणारी तिची मान ताठ होती.